जानेवारीत घोळणा फुटला: घरभराचा ह्युमिडिफायर घेण्याआधी

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, बर्फात गाडी गरम व्हायची वाट बघत असाल, जिथे असाल तिथे ऐका. आजचा विषय थंडीतल्या घरातला आहे, पण इकडची थंडी. मी मिनिआपोलिसला राहते. इथे जानेवारीत रात्री उणे वीस सेल्सियस झालं तर बातमी होत नाही. आज आपण बोलणार आहोत घरभराच्या ह्युमिडिफायरबद्दल. म्हणजे खोलीत ठेवायचं छोटं भांडं नव्हे. तळघरातल्या फर्नेसला जोडलेलं, सगळ्या घराची हवा ओलसर करणारं यंत्र.

नागपूर-पुण्यातून ऐकणारे म्हणतील, आम्हाला काय करायचंय? पण तुमच्यापैकी कितीतरी जण येत्या ऑगस्टमध्ये शिकायला इकडे येतील, कुणाचे आईबाबा हिवाळ्यात नातवंडं सांभळायला येतील. तेव्हा हा भाग आठवेल. शिवाय मी नागपूरची असल्यामुळे या यंत्राशी आपलं जुनं नातं आहे, ते पुढे सांगते.

उशीवरचा डाग

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी दोन महिन्यांची होती आणि आई मदतीला आली होती. जानेवारीतली रात्र. पहाटे आई उठली तर उशीवर रक्त. घोळणा फुटला होता. मी घाबरले, पण आई शांत. पुढे वाकून बसली, नाक चिमटीत धरलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या मे महिन्यासारखंच होऊन राहिलं."

मला तेव्हा हसू आलं. बाहेर उणे बावीस आणि ही मे महिना म्हणते. पण आई बरोबर होती. विदर्भात लहानपणी आम्ही उन्हाळ्यात खिशात कांदा घेऊन फिरायचो, कारण उन्हानं घोळणा फुटतो हे घरोघरी माहीत होतं. त्यात गरमी असते हे खरं, पण नाकाच्या आतली नाजूक त्वचा चिरते ती कोरड्या हवेनं. आणि जानेवारीत माझ्या घरातली हवा मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारपेक्षाही कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर आणलं. आकडा आला १६ टक्के.

आणखी एक गोष्ट त्याच हिवाळ्यात झाली. माझ्याकडे आजीचा तानपुरा आहे, मिरजेचा. अमेरिकेत आले तेव्हा कपडे कमी आणले, पण तो आणला. त्याच्या तबलीला एक दिवस बारीक तडा गेलेला दिसला. लाकूड सुकून आकसलं होतं. आईचं नाक आणि आजीचा तानपुरा, दोन्ही एकाच महिन्यात. मी ठरवलं, आता घरभराचं यंत्र बसवायचंच.

हवा कोरडी का होते?

हे नीट समजलं तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

थंड हवेत पाण्याची वाफ फार कमी मावते. उणे पंधरा सेल्सियसला एका घनमीटर हवेत जेमतेम दीड ग्रॅम मावते. तीच हवा २१ अंशांना तापवली की तिच्यात १८ ग्रॅमच्या आसपास मावू शकते. आता बाहेरची ती हवा फटींतून घरात आली आणि फर्नेसनं तिला २१ अंशांवर नेलं. पाणी तेवढंच, दीड ग्रॅम. मावायची क्षमता मात्र १८ ग्रॅम. म्हणजे आर्द्रता झाली आठ टक्के. फर्नेस हवेतलं पाणी खात नाही, ती फक्त हवेची तहान वाढवते. मग ती हवा आपलं पाणी शोधते: नाकातून, ओठांतून, टाचांतून, लाकडातून.

आपण घरात पाणी सोडतही असतो. श्वास, घाम, आंघोळ, कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण आठ-दहा लिटर पाणी असं हवेत जातं. म्हणून माझं घर आठवर नव्हतं, सोळावर होतं.

मग प्रश्न येतो की हे आठ-दहा लिटर पुरत का नाहीत? कारण ओलसर झालेली हवा फटींतून बाहेर जाते आणि तिच्या जागी कोरडी आत येते. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

माझी चूक

आधी खोलीतले दोन छोटे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आणले. चार लिटरची टाकी, दिवसातून दोनदा भरायची, दर दोन-तीन दिवसांनी घासायची. नळाचं पाणी घातलं, तर आठवड्यात काळ्या टीव्हीवर पांढरी पूड. पाण्यातले क्षार तसेच हवेत उडतात. बाळाच्या खोलीत ते नको वाटलं. डिस्टिल्ड पाणी विकत आणायचं तर रोज कॅन उचलत बसा.

मग एका कंपनीकडून फर्नेसला यंत्र बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं विचारलं, किती टक्क्यांवर ठेवू? मी वाचलं होतं की तंतुवाद्यांना ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. म्हटलं, ४५. त्यानं ४५ लावलं आणि गेला. बाहेर थंडी वाढली की हा आकडा खाली आणायचा असतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दोन आठवडे स्वर्ग. आईचं नाक बरं, ओठ बरे, दरवाजाच्या कडीला हात लावला की बसणारा विजेचा झटका बंद. मग थंडीची मोठी लाट आली. सकाळी खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ. दुपारी तो वितळून चौकटीवर पाणी. आई रोज जुनं लुगडं घेऊन पुसायची. महिनाभरात चौकटीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. बुरशी.

फेब्रुवारीच्या शेवटी थोडी ऊब आली आणि बाळाच्या खोलीच्या छताला ओला डाग पडला. आम्हाला वाटलं, छप्पर गळतंय. छप्परवाला वर गेला, खाली आला आणि म्हणाला, "छप्पर ठणठणीत आहे. पाणी तुमच्या घरातूनच वर आलंय." माळ्याच्या झाकणाच्या फटीतून, छतातल्या दिव्यांच्या कडेनं आमची ओलसर उबदार हवा महिनाभर वर जात होती आणि छपराच्या थंडगार लाकडी फळ्यांना आतून दव-बर्फ होऊन चिकटत होती. ऊब आली, ते सगळं वितळलं, खाली टपकलं.

पाळणा दुसऱ्या खोलीत हलवताना मला फार अपराधी वाटलं. लेकीच्या खोलीत बुरशी आली ती माझ्याच हट्टापायी.

आता यामागचं गणित. २१ अंशांच्या घरात आर्द्रता ४५ टक्के असेल, तर जो पृष्ठभाग साधारण नऊ अंशांपेक्षा थंड, त्यावर पाणी जमणार. आर्द्रता २५ टक्के असेल, तर पृष्ठभाग शून्याजवळ जाईपर्यंत जमत नाही. बाहेर उणे पंचवीस असताना दुहेरी काचेच्या खिडकीचीसुद्धा कड नऊ अंशांच्या खाली सहज जाते. म्हणजे वर्षभर चालेल असा एक आदर्श आकडा नसतोच. तुमच्या घराला किती आर्द्रता सोसते, ते बाहेरची थंडी ठरवते.

यंत्राआधी दोन कामं

पहिलं काम, मोजा. दहा-पंधरा डॉलरचं मीटर पुरतं, पण ते खरं बोलतंय का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओलसर करा, विरघळू देऊ नका. झिपच्या पिशवीत मीटर आणि ते झाकण ठेवून रात्रभर बंद करा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. ७० दाखवत असेल तर तुमचं मीटर पाच कमी सांगतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

दुसरं काम, फटी बुजवा. याचा हिशोब करून बघू. दोन हजार चौरस फुटांचं घर, आठ फूट उंची. आतली हवा साधारण ४५० घनमीटर. घर जुनं असेल आणि दर तासाला निम्मी हवा बदलत असेल तर तासाला २२५ घनमीटर नवी कोरडी हवा येते. बाहेर उणे दहा असताना घरात ३५ टक्के हवे असतील, तर प्रत्येक घनमीटरमागे साधारण साडेचार ग्रॅम पाणी घालावं लागतं. म्हणजे तासाला एक लिटर, दिवसाला २४ लिटर. आपण स्वतः दहा लिटर सोडतो, उरलेले चौदा-पंधरा यंत्रानं द्यायचे. खोलीतल्या भांड्यानं हे का जमत नाही ते कळलं ना?

आता तेच घर घट्ट करा. तासाला पाचव्या हिश्श्याइतकीच हवा बदलू द्या. मग दिवसाला लागणारं पाणी येतं दहा लिटरच्या आत. ते तर आपणच सोडतोय! यंत्राची गरजच उरली नाही. म्हणूनच नव्या, घट्ट बांधलेल्या घरांत उलटी तक्रार असते: हिवाळ्यात खिडक्या घामेजतात. तिथे ह्युमिडिफायर नव्हे, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा लागते.

फटी शोधायला इकडे ब्लोअर डोअर चाचणी करतात. दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात, मग कुठून गार झोत येतो ते हातालाच कळतं. वीज-गॅस कंपन्या बऱ्याचदा ही तपासणी सवलतीत करून देतात. आमच्याकडे सगळ्यात मोठं भोक माळ्याच्या झाकणाभोवती होतं. रबरी पट्टी, फोम आणि सीलंट, दोन शनिवार गेले. एक सावधगिरी मात्र घ्या: घरात गॅसची फर्नेस किंवा गीझर असेल तर तिला लागणारी हवा आणि धुराची वाट बुजवू नका. जाणकाराकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा.

कोणतं घ्यायचं? कूलर आठवा

मीटर तपासलं, फटी बुजवल्या, तरी आकडा वीसच्या खालीच? मग यंत्र घ्या. आता नागपूरकरांनो, कूलर डोळ्यांसमोर आणा. ताट्यांवर पाणी सोडायचं, पंख्यानं त्यातून हवा ओढायची. फर्नेसवरचा ह्युमिडिफायर बहुतेक वेळा हेच करतो, फक्त ताटीची जागा वहीएवढ्या जाळीदार पॅडनं घेतली आहे.

पहिला प्रकार, ड्रमवाला. तळाशी पाण्याचं तबक, त्यात फिरणारा स्पंजचा ड्रम. म्हणजे टाकीवाला कूलर. टाकीत साचलेल्या पाण्याला मे अखेरीस कसा वास येतो ते आठवतंय? इथेही तेच. पाणी साचतं, शेवाळ-बुरशी धरते आणि ती हवा घरभर फिरते. स्वस्त असला तरी मी घेणार नाही.

दुसरा, बायपास. यात पाणी साचत नाही. वरून पॅडवर ओघळतं, जेवढं उडालं तेवढं हवेत, बाकीचं क्षार घेऊन थेट गटारात. फर्नेसमधून निघणारी गरम हवा एका छोट्या वळण-डक्टमधून या पॅडमधून जाते. स्वतःचा पंखा नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. तोटा असा की बरंचसं पाणी वाहून जातं आणि फर्नेस चालू असतानाच काम होतं. साध्या घराला हा बहुधा पुरतो. आमच्याकडे हाच आहे.

तिसरा, स्वतःच्या पंख्याचा. पॅड तोच, पंखा वेगळा. वळण-डक्टला जागा नसेल किंवा थोडं जास्त पाणी हवं असेल तर हा.

चौथा, वाफेचा. विजेवर पाणी उकळून वाफ डक्टमध्ये सोडतो. फर्नेस किती गरम आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून हीट पंपवर चालणाऱ्या घरांना हा जास्त जुळतो, कारण हीट पंपची हवा गॅस फर्नेसइतकी गरम नसते आणि पॅडवरून पाणी कमी उडतं. पण किंमत कितीतरी जास्त आणि वीजही. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. दिवसाला पंधरा लिटर म्हणजे दहा युनिट. युनिटला १५ सेंट धरले तर रोजचा दीड डॉलर, महिन्याला ४५ डॉलर.

इथे एक जाहिरातीतला दावा तपासू. "ओलसर हवेत ऊब जास्त वाटते, थर्मोस्टॅट खाली आणा, यंत्राचे पैसे वसूल." ऊब थोडी जास्त वाटते, खरं आहे. पण कूलर खोली गार का करतो? पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं म्हणून. हिवाळ्यातही ते घेणारच. वाफेचं यंत्र ती उष्णता विजेतून घेतं, पॅडवालं तुमच्या फर्नेसच्या गॅसमधून. फुकट काहीच नाही. हे यंत्र नाकासाठी, घशासाठी, लाकडासाठी घ्या. बिल कमी होईल म्हणून घेऊ नका. बिल कमी होतं ते फटी बुजवल्यानं.

आणि घरात डक्टच नसतील, रेडिएटर असतील, तर फर्नेसवरचं यंत्र बसणारच नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर या भानगडीत पडूच नये. पॅडवाला छोटा ह्युमिडिफायर झोपायच्या खोलीत, दार लोटून. तो पांढरी पूड उडवत नाही. टाकी मात्र घासायचीच.

किती टक्क्यांवर ठेवायचं?

हे लिहून घ्या, किंवा फोनवर स्क्रीनशॉट काढा.

बाहेर उणे ७ सेल्सियस, म्हणजे २० फॅरनहाइट: ३५ टक्के.
उणे १२, म्हणजे १० फॅरनहाइट: ३० टक्के.
उणे १८, म्हणजे शून्य फॅरनहाइट: २५ टक्के.
उणे २३, म्हणजे उणे १० फॅरनहाइट: २० टक्के.
उणे २९, म्हणजे उणे २० फॅरनहाइट: १५ टक्के.

बाहेर सेन्सर लावून हा आकडा आपोआप खालीवर करणारी नियंत्रणं मिळतात. यंत्र घेताना त्यावर थोडे पैसे जास्त गेले तरी द्या. आमच्याकडे ते नव्हतं, नंतर बसवलं. आणि शेवटचा शब्द खिडकीचा. तक्त्याप्रमाणे ठेवूनही सकाळी काचेवर पाणी दिसलं तर पाच टक्के खाली या.

देखभाल फार नाही. दर हिवाळ्यात पॅड बदला. आमच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे जुना पॅड अक्षरशः दगड होऊन निघतो. पाण्याचा निचरा होतोय ना बघा. उन्हाळ्यात पाणी बंद करा आणि बायपासची झडप "समर"वर फिरवा. आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि एसीची थंड हवा त्या वळणातून गोल गोल फिरत राहिली.

मग तानपुऱ्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. तानपुऱ्याला ४५ हवेत आणि उणे वीसच्या रात्री माझं घर २५ च्या वर सोसत नाही. एका वाद्यासाठी मी अख्खं घर, माळा, लेकीची खोली ओली करत होते.

उत्तर सोपं निघालं. तानपुरा त्याच्या जाड पेटीत ठेवला. आत वाद्यांसाठी मिळणाऱ्या आर्द्रतेच्या पुड्या टाकल्या, ज्या गरजेप्रमाणे ओल सोडतात आणि शोषतात. पेटीत एक छोटं मीटर. पेटी डक्टच्या तोंडापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. जमेल तेव्हा रियाझाला बाहेर काढते, झाला की परत आत. तडा जुळवून घेतलाय, पुढे वाढलेला नाही.

माझ्यासाठी यातून निघालेली गोष्ट एवढीच: ज्याला जास्त ओल हवी त्याला त्याच्या जागी द्यावी. लेकीच्या नाकाला सलाइनचे थेंब, माझ्या टाचांना कोकमतेल, तानपुऱ्याला पेटी. घराला मात्र त्याला सोसेल तेवढीच.

मागच्या हिवाळ्यात आई पुन्हा आली होती. आल्या आल्या मीटरकडे बघितलं, २८ टक्के. म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, आई, बाहेर उणे पंधरा आहे, एवढंच. तीन महिने राहिली. घोळणा एकदाही फुटला नाही. लुगड्याचा बोळा घेऊन खिडक्या पुसायला मात्र तिला काही काम उरलं नव्हतं, म्हणून थोडी हिरमुसली होती.

तर मंडळी, यंत्र विकत घेण्याआधी आठवडाभर मीटर लावून रोज सकाळी आतला आकडा आणि बाहेरचं तापमान लिहा. घर कधी बांधलेलं आहे, गरम कशानं होतं, ते लिहा. हा कागद हातात असेल तर दुकानदार काय विकतोय ते तुम्हालाच कळेल. आणि कुणाची आई, सासूबाई या हिवाळ्यात इकडे येणार असतील, तर त्यांना हा भाग पाठवा. कांदा आणू नका म्हणावं, मीटर आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार!